मक्याला नत्र किती लागतं आणि ताटांतून परत किती येतं

आमच्या सिल्लोड-कन्नड पट्ट्यात जुलैचा शेवटचा आठवडा आला की कृषी सेवा केंद्रापुढे युरियासाठी रांग लागते. मका गुडघ्याला आलेला असतो, पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली असते आणि ज्याला त्याला वाटतं, आज गोणी मिळाली नाही तर पीक हातचं गेलं. एकराला दोन गोण्या पुरतात तिथे चार-चार टाकणारे आमच्याकडे आहेत. मक्याला मुळात लागतं किती आणि गेल्या वर्षीच्या ताटांतून, म्हणजे कणसं मोडल्यावर उरलेल्या धाटांतून, मातीला परत मिळालं किती, हे मात्र कुणी मोजत नाही.

मी हा हिशोब दर हंगामाला वहीच्या एका पानावर मांडते. डाव्या बाजूला मका काय उचलतो ते, उजव्या बाजूला काय परत गेलं ते. पान कसं भरायचं आणि त्यावरून शेतात काय करायचं, ते इथे सांगते. आकडे सगळे एकरी धरले आहेत, कारण आपण गोणी एकरावरच मोजतो.

डावी बाजू: मका काय उचलतो

दहा क्विंटल दाणे पिकवायला मक्याचं झाड मुळापासून तुऱ्यापर्यंत मिळून २० ते २५ किलो नत्र (नायट्रोजन) उचलतं. एकरी ३० क्विंटल धरले तर साधारण ६५ किलो झाले. त्यातलं दोन तृतीयांश दाण्यात बसतं आणि ट्रॉलीत भरून बाजार समितीत जातं. उरलेलं ताटात आणि पाल्यात राहतं.

खरीप मक्याची रूढ शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ४० किलो पालाश (पोटॅश) अशी आहे. एकराला ती ४८, २४ आणि १६ किलो येते. पाण्याची खात्री असेल आणि संकरित वाण असेल तर याहून जास्त मात्रा सांगतात, पण पावसावरच्या मक्याला मी हीच पायाभूत धरते.

आता गंमत पाहा. दिलं ४८ किलो, पिकाने उचललं ६५ किलो. त्यातही युरियातलं सगळं नत्र पिकाला मिळत नाही. मातीआड नीट केला तर निम्म्याच्या आसपास लागू होतं. नुसता फेकला, वर ऊन तापलं किंवा मागून धो धो पाऊस आला, तर तिसरा हिस्सा मिळाला तरी खूप. म्हणजे ४८ पैकी २४-२५ किलो मक्यापर्यंत पोचले. बाकीचे ४० किलो मातीने दिले. सेंद्रिय कर्बातून, शेणखतातून, मागच्या पिकाच्या बेवडातून (त्याने मागे ठेवलेल्या कसातून), कुजलेल्या मुळ्यांतून आले. शिफारशीइतका युरिया देणाऱ्याच्या शेतातसुद्धा मक्याचं निम्म्याहून जास्त नत्र मातीच देते. ताटं जाळू नका असं मी ज्याला त्याला सांगत असते त्याचं कारण हे आहे. ज्या मातीकडून दरवर्षी ४० किलो काढायचे, तिला काहीच परत द्यायचं नाही, असं किती वर्षं चालेल?

मातीत काय आहे ते पाहायला मृद आरोग्य पत्रिका काढा. ही योजना २०१५ साली सुरू झाली, त्यामुळे बऱ्याच घरांत जुनं कार्ड असतंच, पण ते तीन वर्षांपेक्षा जुनं असेल तर पुन्हा काढलेलं बरं. कार्डावर उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर ते 'कमी' आणि २८० ते ५६० असेल तर 'मध्यम'. आमच्या भागातली बहुतेक कार्डं नत्रात 'कमी' आणि पालाशात भरपूर येतात. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे. नमुना पीक काढल्यावर, खत टाकण्याआधी घ्यायचा. इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी माती कापून घ्यायची. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली माती घ्यायची नाही. आठ-दहा ठिकाणची एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत.

गोण्यांचा हिशोब

युरियाची गोणी आता ४५ किलोची येते. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीला २०.७ किलो. डीएपीची ५० किलोची गोणी ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद देते. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोत ३० किलो पालाश असतं. यावरून एकराचं गणित सरळ बसतं: डीएपी एक गोणी, पोटॅश अर्धी गोणी, युरिया दोन गोण्या. जस्ताची कमतरता असेल तर झिंक सल्फेट ८ ते १० किलो, पण ते डीएपीत किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका. स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरून बसतात आणि दोन्ही वाया जातात. झिंक शेणखतात मिसळून वेगळं टाका.

दोन गोण्या युरिया तीन वेळा विभागून द्यायचा. पेरणीबरोबर डीएपी आणि पोटॅशच्या जोडीला १५ ते २० किलो. तिसाव्या दिवसाच्या सुमारास ३५ किलो. चाळीस ते पंचेचाळीस दिवसांच्या दरम्यान, तुरा निघण्याआधी, उरलेला ३५ किलो.

हे तीन हप्ते मक्याच्या भुकेवर बसवलेले आहेत. गुडघाभर होईपर्यंत मका एकूण नत्राचा दहावा हिस्साही उचलत नाही. त्याचा वाढीचा कोंब तेव्हा जमिनीच्या पातळीच्या आसपासच असतो. त्यानंतर मात्र कांड्या सुटतात, दोन-तीन दिवसाला एक पान बाहेर पडतं आणि भूक एकदम उसळते. गुडघाभर ते तुरा हे तीन आठवडे म्हणजे मक्याचं खरं जेवण. स्त्रीकेसर, म्हणजे कणसाचे केस, बाहेर पडेपर्यंत त्याने निम्म्याहून बरंच जास्त नत्र उचललेलं असतं. पुढे दाणा भरताना तो जमिनीतून घेतो आणि पानांतलंही काढून दाण्यात ओततो. म्हणून पेरणीला सगळा युरिया टाकून मोकळं होणं चुकीचं, आणि कणीस दिसल्यावर गोणी घेऊन पळणंही चुकीचं.

जूनच्या पेरणीला युरिया कमी ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. उन्हाळाभर तापलेल्या कोरड्या मातीवर पहिला चांगला पाऊस पडला की तिच्यातले जिवाणू एकदम जागे होतात आणि साठलेलं नत्र मोकळं करतात. पहिल्या पावसानंतर पडीक तुकड्यावरचं गवतही कसं काळंभोर दिसतं, ते यामुळे. हे नत्र फुकटचं आहे, पण टिकत नाही. मागून मोठा पाऊस आला की खाली झिरपून जातं. कोवळ्या मक्याची पहिल्या तीन आठवड्यांची गरज त्यातून आणि डीएपीतून भागते.

युरिया द्यायची पद्धत तर मी हजारदा सांगेन. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या पुढे. अशा जमिनीवर युरिया उघडा पडला की त्याचा अमोनिया होऊन हवेत उडतो. वर ताटांचा थर असेल तर आणखी लवकर उडतो, कारण कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर युरिया फोडणारं विकर जास्त असतं. म्हणून वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी वेळ, पाहायचा, ओळीपासून चार बोटं लांब युरियाची बारीक धार सोडायची आणि लगेच कोळप्याने माती ओढायची. दुसऱ्या वेळी झाडांना मातीची भर देताना तो आपोआप गाडला जातो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, युरियाचे दाणे पडू देऊ नका, पान पोळतं. पान दवाने ओलं असताना टाकू नका. मजूर नाही आणि फेकूनच द्यायचा असेल तर निदान पावसाच्या तोंडावर द्या, म्हणजे तो पाण्याबरोबर मातीत उतरेल. ठिबक असेल तर तोच युरिया पाच-सहा वेळा पाण्यातून सोडा, याहून चांगलं काहीच नाही.

पान काय सांगतं

मका पिवळा पडला म्हणजे युरिया हवाच, असं नाही. खाली वाका आणि सगळ्यांत खालचं पान हातात घ्या. पिवळेपणा टोकापासून सुरू होऊन मधल्या शिरेवरून देठाकडे सरकत असेल, कडा अजून हिरव्या असतील आणि पिवळा भाग पाचरीसारखा आत घुसलेला दिसत असेल, तर ते नत्र. झाड स्वतः जुन्या पानातून नत्र काढून वरच्या कोवळ्या पानाला देत असतं, म्हणून सुरुवात खालून. त्याच खालच्या पानाच्या कडा पिवळ्या होऊन करपत असतील आणि मधली शीर हिरवी असेल तर पालाश. वरच्या कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे असतील तर जस्त. कोवळ्या झाडाची पानं जांभळट झाली असतील तर स्फुरद किंवा नुसता गारठा. जस्ताच्या पट्ट्यांवर युरिया ओतून काहीही होणार नाही.

आणि शेतात पाणी साचलं असेल तर गोष्ट वेगळी. काळ्या जमिनीत दोन दिवस पाणी उभं राहिलं की मुळं गुदमरतात आणि मातीतलं नत्र वायू होऊन उडून जातं. सगळा मका वरपासून खालपर्यंत फिका पडतो. तेव्हा आधी चर काढून पाणी बाहेर काढा. चिखलात युरिया टाकू नका. दोन टक्के युरियाची फवारणी, म्हणजे दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम, तात्पुरता आधार देते. वाफसा आल्यावर अर्धी गोणी युरिया ओळीला देऊन कोळपा. रुंद वरंब्यावर पेरलेल्या मक्याला ही वेळ फार कमी येते.

उजवी बाजू: ताटात काय असतं

मक्याचे जेवढे दाणे, साधारण तेवढ्याच वजनाची वाळलेली ताटं, पाला आणि कणसावरची सालं. ३० क्विंटल दाण्यांमागे तीन टन. एका टन वाळलेल्या ताटांत ६ ते ८ किलो नत्र, ३ ते ४ किलो स्फुरद आणि १२ ते १५ किलो पालाश असतं. एकराचं धरलं तर २० किलोच्या आसपास नत्र, दहाएक किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश.

पालाशाचा आकडा पुन्हा वाचा. पोटॅशच्या सव्वा गोणीपेक्षा जास्त. दाण्यातून पालाश फार थोडं जातं. मक्याने उचललेल्या पालाशातलं तीन चतुर्थांश ताटात उभं असतं. आणि ते मिळायला ताट कुजावंही लागत नाही. पालाश पानापेशींतल्या पाण्यात विरघळलेलं असतं, पावसाने धुऊन खाली येतं. ज्या बांधावर कडब्याची गंजी पावसात भिजते, तिथलं गवत पुढच्या वर्षी पाहा. कमरेएवढं, हिरवंगार. शेताचं पालाश बांधाला मिळालं.

ताटं पेटवली तर नत्र जवळजवळ सगळं आणि गंधक बरंच धुरात जातं, कर्बही जातो. राखेत पालाश आणि स्फुरद बरंच उरतं, पण तेही वाऱ्याने एका कोपऱ्यात. एका काडीपेटीत एका गोणीभर युरियाचं नत्र जळतं.

पण ताटं गाडली की तेवढं नत्र लगेच पिकाला मिळतं, असंही समजू नका. इथेच लोक फसतात, पुढचं पीक पिवळं पडतं आणि मग 'काडीकचऱ्याने जमीन खराब होते' असं म्हणत पुन्हा काडी लावतात.

आमच्या शेतात एक जागा आहे, मळणी यंत्र उभं राहतं ती. तिथे सालं, भुसा, कणसांचे तुकडे यांचा जाड थर पडतो. एका वर्षी तो तसाच नांगरून वर गहू पेरलेला होता. गहू वीतभर झाला तेव्हा त्या जागी बरोबर गोल पिवळा पट्टा उठला, बाकी शेत हिरवं. गव्हाचं एक रोप उपटून पाहिलं तर मुळांत ओल्या सालांचे तपकिरी तुकडे गुंतलेले, त्यांवर पांढरी बुरशी. पुढच्या जूनमध्ये मका पेरला आणि त्याच गोलातला मका बाकी शेतापेक्षा काळाभोर आला, पान दोन बोटं जास्त रुंद. ताटांच्या नत्राचं अख्खं गणित त्या एका गोलात होतं.

त्याचं कारण असं. मक्याच्या ताटात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे ६० ते ७० भाग असतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भागामागे २०-२५ भाग कर्ब पचतो. ताट समोर आलं की कर्ब भरपूर, नत्र अपुरं. मग ते जवळच्या मातीतलं मोकळं नत्र उसनं घेतात. ताट खाऊन संपलं, जिवाणू मेले, की ते उसनं आणि ताटातलं मिळून परत मातीत येतं. ओल आणि ऊब असेल तर ही उसनवारी महिना-दीड महिना चालते. ओल नसेल तर काहीच घडत नाही, ताट जसंच्या तसं. हरभऱ्याच्या, मुगाच्या कोवळ्या पाल्यात नत्र भरपूर असतं, म्हणून तो पाला मातीकडून काही उसनं घेत नाही, पडताच द्यायला लागतो.

मग उपाय दोन: उसनं आपणच आधी द्यायचं आणि त्या काळात नत्राची भूक कमी असलेलं पीक घ्यायचं. मी दोन्ही करते.

कणसं मोडल्यावर करायचं काम

कणसं मोडली की ताटं उभी वाळत ठेवू नका. ऑक्टोबरात परतीच्या पावसाची ओल जमिनीत असते, तीच ताटं कुजवायला हवी. ताट निम्मं हिरवं, निम्मं पिवळं असतानाच ट्रॅक्टरच्या कुट्टी यंत्राने, म्हणजे मल्चरने, दोन-तीन इंचांचे तुकडे करून घ्या. पार वाळलेलं ताट चिरत नाही, नुसतं मोडतं, आणि लांब तुकडे तिफणीच्या फणात अडकून पेरणीचं वाटोळं करतात. कुट्टीचा आणखी एक मोठा फायदा: खोडकिड्याच्या अळ्या ताटात आणि धसकटात लपून पुढच्या हंगामाची वाट पाहतात, त्या यात चिरडल्या जातात. धसकटं सोडून फक्त वरची ताटं कुट्टी केली तर हे काम अर्धवट राहतं.

कुट्टी झाली की प्रत्येक टन ताटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन. हे प्रमाण आपल्याकडे उसाच्या पाचटासाठी सांगितलेलं आहे. मक्याची ताटं पाचटापेक्षा लवकर कुजतात, त्यामुळे युरिया थोडा कमी चालतो. पण पहिल्या वर्षी पूर्ण द्या. एकराची सगळी ताटं म्हणजे २४ किलो युरिया, अर्ध्या गोणीला थोडी जास्त. संवर्धन कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी फेका, भर उन्हात नाही. लगेच रोटाव्हेटरची उथळ पाळी मारून मातीत कालवा. खोल नांगराने पुरू नका. वीतभराच्या खाली हवा कमी, तिथे ताट कुजत नाही, सडतं. जमीन कोरडी असेल तर एक हलकं पाणी द्या. हा युरिया वाया जात नाही, जिवाणूंच्या अंगात साठून पुढच्या खरिपाला मक्याच्याच कामी येतो. माझ्या पानावर तो उजव्या बाजूला लिहिला जातो.

आता मागून काय पेरायचं. माझं उत्तर हरभरा. तो मुळांवरच्या गाठींतून स्वतःचं नत्र हवेतून घेतो, मातीतल्या उसनवारीचा त्याला फारसा त्रास नाही. उलट मोकळं नत्र कमी असलं की गाठी चांगल्या बसतात. सुरुवातीच्या तीन आठवड्यांपुरतं एकरी दहा किलो नत्र आणि वीस किलो स्फुरद पेरून द्या, म्हणजे जवळपास एक डीएपीची गोणी. बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) चोळा. एक धोका मात्र खरा आहे: कच्च्या काडीकचऱ्यावर आणि ओलीवर हरभऱ्याला मानकूज लवकर येते. रोप मातीलगत काळं पडून कोलमडतं. म्हणून ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या मित्रबुरशीची) बीजप्रक्रिया टाळू नका आणि कुट्टीनंतर दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्या.

गहू घ्यायचा असेल तर पेरणीचं नत्र पूर्ण द्या, त्यात कंजुषी नको. पहिल्या पाण्यापर्यंत पीक फिकं दिसलं तर घाबरू नका. मक्यावर मका, खानदेशात रब्बीला घेतात तसा, घेणार असाल तर कुट्टी आणि पेरणीत तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, पेरणीचा हप्ता वाढवा आणि शेवटचा हप्ता बेताने द्या, कारण तोवर ताटं परतफेड करायला लागलेली असतात. कांद्याची रोपं कच्च्या ताटांवर लावू नका, मी तर मुळीच लावत नाही.

हरभऱ्यानंतर उन्हाळ्यात एक नांगरट मी करतेच. २०१८ साली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे आल्यापासून तिचे मातीतले कोष उन्हावर आणणं गरजेचं झालं आहे. काही शेतकरी विनानांगरणीची पद्धत धरून मुळं जागेवर कुजू देतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीने हे भातात करून दाखवलं आणि पुढे इतर पिकांतही लोक ते करतात. मुळं न उपटण्याचा विचार मला मनापासून पटतो, आणि गादीवाफ्याचा तुकडा असेल त्यांनी तिथून सुरुवात करावी.

जनावरं असतील तर

ज्याच्या दावणीला गाय-म्हैस आहे त्याला सगळी ताटं शेतात गाडा म्हणणं शहाणपणाचं नाही. चारा विकत घ्यायची वेळ आली तर पोटॅशच्या गोणीचा हिशोब कुठे राहतो? मी साधारण निम्मी ताटं घरी आणते, निम्मी शेतात ठेवते. वरचा पालेदार भाग जनावराला, खालचं जाड खोड मातीला. गाय खालचं खोड तसंही सोडतेच.

पण घरी आणलेलं परत गेलं पाहिजे. जनावराने खाल्लेल्या नत्रापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास शेण-मूत्रातून बाहेर पडतं आणि त्यातलं जवळपास निम्मं मुतात असतं. पालाशही बहुतेक मुतातच. आपण शेण उचलतो आणि मूत गोठ्याच्या मातीत मुरू देतो, म्हणजे चांगला अर्धा माल सोडून देतो. याला साधा इलाज आहे. गव्हाणीत उरलेलं चघळ बाहेर फेकू नका, रात्री जनावराच्या मागच्या पायांखाली पसरा. सकाळपर्यंत ते मूत पिऊन काळं-तपकिरी होतं, हातात घेतलं की ओलं-जड लागतं आणि नाकाला झोंबतं. ते शेणाबरोबर खड्ड्यात जाऊ द्या. या खड्ड्यातला माल लवकर कुजतो, कारण ताटाला लागणारं उसनं नत्र गाईनेच दिलेलं असतं. खड्ड्यावर सावली किंवा मातीचा लेप हवा, नाहीतर उन्हाळ्यात अमोनिया उडतो आणि पावसाळ्यात पालाश वाहून जातं. उघड्या उकिरड्यावरचं खत दिसायला खत असतं, आत फार काही उरलेलं नसतं.

मुरघासाला, म्हणजे हवाबंद मुरवायच्या चाऱ्याला, हिरवा मका विकणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तिथे दाणा, पाला, ताट सगळं एका फेरीत शेताबाहेर जातं, मागे फक्त धसकटं. दोन-तीन वर्षं सलग मुरघास काढला आणि शेणखत घातलं नाही, तर भरपूर पालाशाच्या जमिनीतही खालच्या पानांच्या कडा करपायला लागतात. मुरघास नेणाऱ्याकडून पैशाबरोबर काही ट्रॉल्या शेणखत ठरवून घ्या.

युरिया कमी कधी करायचा

ताटं गाडायला लागल्यावर पहिला प्रश्न हाच येतो. त्याचं उत्तर दुसऱ्याच्या शेतातून येत नाही. शेताच्या मध्यावर, बांधापासून दूर, चार ओळींच्या वीस पावलं लांब दोन पट्ट्या आखा आणि खुंट्या ठोका. एका पट्टीला नत्र अजिबात द्यायचं नाही, फक्त सुपर फॉस्फेट आणि पोटॅश. दुसरीला शिफारशीच्या दीडपट. बाकी शेत नेहमीसारखं.

तीस-पस्तीस दिवसांनी सूर्य पाठीमागे ठेवून उभं राहा आणि तिन्ही रंग शेजारी शेजारी पाहा. बाकी शेत दीडपटवाल्या पट्टीइतकंच हिरवं असेल तर पुढच्या हप्त्याची घाई नाही. फिकं असेल तर त्याच आठवड्यात द्या. बिननत्राची पट्टी दाखवते ती तुमच्या मातीची स्वतःची ताकद. काढणीला प्रत्येक पट्टीतल्या सारख्या लांबीच्या दोन ओळींची कणसं वेगवेगळी मोडून वजन करा. जसजशी ताटं आणि शेणखत मुरेल तसतशी बिननत्राची पट्टी वर येते का, ते दर वर्षी वहीत लिहा. दाण्याच्या टोकाशी काळा थर आला, मका पक्व झाला आणि तरीही कणसाखालची सगळी पानं हिरवीगार असतील, तर नत्र गरजेपेक्षा जास्त झालं होतं असं समजा. बेताच्या नत्रावर पक्व झालेल्या मक्याची खालची दोन-तीन पानं वाळलेली असतात.

पट्ट्यांतलं अंतर दोन-तीन हंगाम सलग कमी होत गेलं तरच युरिया उतरवा, आणि तोही पेरणीच्या हप्त्यातून. गुडघ्याच्या आणि तुऱ्याआधीच्या हप्त्याला हात लावू नका. पहिली कपात मात्र पोटॅशच्या गोणीत करा. कार्डावर पालाश भरपूर असेल आणि ताटं शेतातच राहिली असतील, तर ती अर्धी गोणी पहिल्याच वर्षी वाचते. तेच पैसे मल्चरच्या भाड्याला लावा.